पुढची डावी सीट

१३ नोव्हेंबर, बुधवार

तुळशीचं लग्न लागलं एकदाचं. रेवाने यंदा अंतरपाट धरला. बारा पूर्ण झाली, हात पुरतात आता. मंगलाष्टकं दरवर्षी मीच म्हणतो, पण दुसऱ्या कडव्याला अडकलो. आई म्हणाली, "गेल्या साली म्हणायची राहिली ना, म्हणून विसरलास." खरं आहे. गेल्या साली ह्या वेळेला आम्ही निम्मं गाव सड्यावर होतो, समुद्राकाठच्या त्या कातळपठारावर, माझ्या लहानपणच्या दोस्ताच्या, मोहनच्या नावाने ओरडत.

वर्ष झालं. द्वादशी ते द्वादशी.

मो. चं नाव आज घरात कोणी काढलं नाही. विद्याने चुरमुरे वाटले, रेवाने फुलबाज्या लावल्या, जेवलो. शाळा अजून दिवाळीच्या सुट्टीत आहे, म्हणजे घरात बसून विचार करायला मला आणखी मोकळीक. नको ती सुट्टी.

१६ नोव्हें., शनि.

गाडीने मान टाकली. आईला बागेत न्यायचं होतं. कलमांना पालवी फुटलीय की मोहर, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं, माझ्यावर विश्वास नाही. सड्याच्या चढावर खालून असा काही आवाज आला की विद्याने देवाचं नाव घेतलं. कातळाने गाडीचं पोट फाडलं, तेल सगळं बाहेर. आईला रस्त्यापर्यंत चालवत आणली, एक हात माझ्या खांद्यावर, एक स्वतःच्या गुडघ्यावर. विद्या बोलली. "ही बाजारातून भाजी आणायची गाडी आहे. सड्यावर घालू नकोस, किती वेळा सांगितलं?"

जेवताना ठरलं, आता फोरबायफोर. मग फर्माइशी सुरू. आईला पायरी खाली हवी, "मला काय उडी मारता येते होय?" विद्याला घट्ट लागणारी दारं आणि एअरबॅगा. रेवा म्हणाली, टपावर गऱ्यांच्या काठ्या बांधायला जागा हवी. "बाबा, तू परत गरवायला जाणार ना? आणि मला नेणार ना?"

वर्षभर मासे पकडायच्या दोऱ्या-गऱ्या माळ्यावर पडून आहेत. खडपावर, कड्याखालच्या खडकांवर उभं राहून, ओहोटीचं पाणी पायाशी चुबकत असताना, तांबोशी माशाने दोरी ओढली की जे वाटतं ते ह्या पोरीला कळायला हवं. मी "बघू" म्हटलं. विद्याने माझ्याकडे पाहिलं आणि भाताचं भांडं उचलून आत गेली.

२४ नोव्हें., रवि.

शोरूमवाले नवी कोरी घेऊन दारात हजर. उंच, काळी, आत नुसते पडदे आणि बटणं. शोरूमचा माणूस टाय लावून मागे बसला, शेजारी विद्या. मी चालवली. पुढची डावी सीट रिकामी ठेवली, माझे लांब पाय आणि गियर, जरा ऐसपैस बरं.

सड्यावर झकास चढली. बटण दाबलं की चारही चाकं कामाला. पण पठारावर पोचलो आणि टुं टुं टुं सुरू झालं. पडद्यावर लाल माणूस. शेजारच्याने पट्टा लावला नाही म्हणे.

"शेजारी कोणीच नाही," मी म्हटलं.

"सेन्सर आहे सर. सीटवर पिशवी-बिशवी ठेवली की वाजतो."

पिशवी नव्हती. मी सीटवर हात फिरवून पाहिला. नवी सीट, वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. शेवटी त्या माणसाने पुढे वाकून रिकाम्या सीटचा पट्टा खटकन लावला आणि आवाज थांबला. तसेच घरी आलो, रिकाम्या सीटला पट्टा लावून. विद्या हसत होती. मी विज्ञान शिकवतो, दमट हवेने सेन्सरचं काय होतं ते मला माहीत आहे. तरी घाम आला.

विद्याला गाडी पसंत. मी म्हटलं, पायरी उंच आहे, आईला जमणार नाही.

२५ नोव्हें.

लिहूनच टाकतो. दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही, वहीला तरी.

मो. आला की दारात तीन हॉर्न द्यायचा. एक नाही, दोन नाही, तीनच. तीन हाका आल्याशिवाय ओ द्यायची नाही, भूत तिसरी हाक मारत नाही, हे आम्हाला दोघांनाही लहानपणी शिकवलेलं, त्याने त्याची गंमत करून टाकलेली. त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास तीन हॉर्न आले. मी आतल्या खोलीत पडलो होतो. आदल्या आठवड्यात त्याच्याशी कशावरून तरी वाजलं होतं, कशावरून तेही आता धड आठवत नाही. एवढं आठवतं की त्याचं तोंड बघायचं नव्हतं. आई म्हणाली, "मोहन आलाय, हॉर्न वाजवलान." मी म्हटलं, "घरी नाही म्हणून सांग."

आई म्हणाली, "घरात असलेल्या माणसाला नाही म्हणू नये रे."

"सांग गं तू."

तिने दारात जाऊन सांगितलं. जीप गेली. संध्याकाळी सड्यावर जीप सापडली, मोहन नाही. आजपर्यंत नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी बाजारात गेलो होतो म्हटलं. शैला वहिनींना, त्याच्या बायकोला, तेच सांगितलं. विद्यालाही. आईने मान खाली घातली, पण खोटं पाडलं नाही.

एवढंच वाक्य आहे, मी घरी होतो.

१ डिसेंबर, रवि.

वहिनींचा फोन आला होता. "भाऊजी, तुम्ही गाडी बघताय म्हणे. ह्यांची जीप घेऊन जा ना. उभ्या-उभ्या गंजतेय."

गेलो. विद्या सोबत. वहिनींच्या कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. त्यांनी काढलेलं नाही आणि काढायला सांगण्याची गावात कोणाची छाती नाही. चहा दिला. जीप मागच्या पडवीत, वरून ताडपत्री. हिरवी, जुनी, मागे समोरासमोर दोन बाकडी, लिव्हरची फोरबायफोर. ही गाडी भिंतीवरसुद्धा चढते असं तो म्हणायचा. मागच्या बाजूला त्याने आपल्या आईसाठी खाली वेल्डिंग करून पायरी लावलेली. आमच्या आईला हवी तशी.

पुढच्या कप्प्यात थर्मास आणि दोन स्टीलचे कप होते. वहिनींनी काढून दाखवले. "हे असेच ठेवलेत मी, धुतले नाहीत." दोन्हीच्या तळाला चहाचा सुकलेला डाग.

"हे एकटे कधी खडपावर उतरायचे नाहीत. मी शपथ घातली होती. आणि नाक्यावरचा बाबी चहावाला काय म्हणतो माहीत आहे ना तुम्हाला?"

माहीत आहे. बाबी म्हणतो, त्या दिवशी जीप नाक्यावरून गेली तेव्हा मास्तर शेजारी बसले होते. मास्तर म्हणजे मी. त्याला चष्मा लागलाय आणि तो लावत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरलो.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. वाट बघितल्यासारखं. मी कपबशी खाली ठेवली आणि टायर बघायला गेलो.

८ डिसें., रवि.

वहिनी म्हणाल्या, देवीला विचारल्याशिवाय जीप हलवायची नाही. मला हसू आलं होतं, पण त्यांच्यासोबत गेलो. गाडी घ्यायला आधी शोरूम, मग देऊळ, आमचं हे असं.

गुरवाने देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावली. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नको. "काय मागायचा हाय ता मनात धरा," म्हणाला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवी म्हाराजा, ही तुझी लेकरा आज तुझ्या पायाशी उभी हायत, जेच्या मनात जा काय असंल ता तुला ठावका हाय. आम्ही दोघं हात जोडून, "होय म्हाराजा." मी मनात विचारलं, जीप घेऊ का?

बराच वेळ काही नाही. गुरव तांब्याभर पाणी बाजूला ठेवून बसून राहिला. घंटेवर पाल. मग उजवं फूल सुटलं आणि सरळ खाली आलं. वहिनी हुंदका आल्यासारख्या खाली बसल्या. एका जीपसाठी एवढं? मी त्यांना हात दिला.

विद्याला फोनवर सांगितलं, देवीने होय म्हटलं. ती म्हणाली, "देवीला एअरबॅगा माहीत आहेत का?" पण मग म्हणाली, पाडव्याला नवी घेऊ, तोवर वापर.

१२ डिसें.

कागदपत्रांसाठी वहिनींकडे. गाडी नावावर करायची तर मालकाची सही हवी. मालक नाही, आणि मालक नाही असा दाखलाही नाही. मी हेच समजावून सांगत होतो तर वहिनी आतून एक पाकीट घेऊन आल्या. सीटखाली मिळालं म्हणाल्या. आरटीओचे फॉर्म. मोहनची सही, तो ह काढायचा तसाच शेपटीवाला. विकत घेणाऱ्याच्या जागी माझं नाव. त्याच्याच अक्षरात. तारखेची जागा रिकामी.

"नवी घेतली की ही तुलाच, मास्तर," असं तो नेहमी म्हणायचा. त्यात काही नवल नाही. पण आज तारीख टाकली तर आज तो होता, त्याने सही केली, असं मी लिहून देतोय. मी फॉर्म परत पाकिटात घातले. वहिनी म्हणाल्या, राहू देत कागद, तुम्ही गाडी न्या, विचारलं कोणी तर मी आहे.

किल्ली हातात घेतली. किल्लीला त्याचा लाल दोरा अजून आहे.

१५ डिसें., रवि.

गॅरेजमध्ये. दळवी मेकॅनिक दिवसभर खाली झोपून होता. ब्रेक, ऑइल, बॅटरी नवी. लिव्हर लोण्यासारखी पडते म्हणाला. एकच गोष्ट, हॉर्न मेलाय. वायर जळून आतल्या आत कोळसा, हॉर्नचा डबा गंजलेला. "नवा टाकावा लागेल. माल संपलाय, मागवतो." मी म्हटलं, घाई नाही. उलट बरं वाटलं. हे वहीत लिहितोय, त्याला म्हटलं नाही.

२२ डिसें., रवि.

सगळे बागेत. जीपने चढ असा घेतला की रेवाने टाळ्या वाजवल्या. मोहर चांगला आहे, आई खूश.

घरून निघताना आईला म्हटलं, पुढे बस, मागे आपटशील. ती पुढच्या दारापर्यंत आली, आत बघितलं आणि मागे वळली.

"पुढे जागा कुठाय?"

"अगं रिकामी आहे की."

"मी मागेच बरी." तीच पायरी चढून बाकड्यावर बसली, पदर सारखा केला. डोळ्यांत मोतीबिंदू आहे तिच्या, ऑपरेशन पुढे ढकलतेय. विद्याही मग पुढे बसली नाही. मी एकटाच पुढे, भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर असल्यासारखा.

२५ डिसें., बुध.

नाताळची सुट्टी. रेवाला घेऊन गरवायला. वर्षाने. तिथीची पाऊणपट ती भरतीची वेळ. आज दशमी, दहाची पाऊणपट साडेसात, सकाळी साडेसातला भरती, म्हणजे दीडच्या पुढे सुकती, पूर्ण ओहोटी. भर दुपारी सड्यावर चिटपाखरू नव्हतं. गवत वाळून पिवळं, वारा पडलेला. जीप कड्याच्या अलीकडे लावली, तोंड समुद्राकडे. हे मला पक्कं आठवतं, कारण समोरच्या काचेत समुद्र दिसत होता आणि रेवाने त्याचा फोटो काढला.

खडपावर उतरलो. गरीला कोळंबी लावायला शिकवलं. पोरगी हुशार, हाताला अंदाज आहे. एक गोबरा लागला तिला, लहानसा. अशी किंचाळली की पलीकडचे बगळे उडाले. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. मो. असता तर म्हणाला असता, मास्तर, पोरगी तुझ्यापेक्षा बरी. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं.

वर आलो. जीपचं तोंड घराकडे.

मो. ची ही सवय. आल्या आल्या आधी गाडी वळवून घराकडे तोंड करून लावायची, मग उतरायचं. मी कधी करत नाही. रेवा म्हणाली, "तूच वळवलीस ना?" मी म्हटलं, हो, मीच. किल्ली माझ्या खिशात होती, लाल दोऱ्याची. घरी येऊन तिच्या फोनमधला फोटो पाहिला. काच, काचेत समुद्र.

विद्याने गोबऱ्याचं कालवण झकास केलं. मी अर्ध्या ताटावरून उठलो.

५ जानेवारी, रवि.

रेवा सकाळी: "बाबा, मघाशी जीपमध्ये बसून काय करत होतास? हाक मारली तर वळलापण नाहीस."

"कुठे बसलो होतो?"

"डावीकडे. ड्रायव्हरच्या नाही, शेजारच्या."

मी मघापासून न्हाणीघरात होतो. बंबाचा धूर डोळ्यांत, अंगावर टॉवेल. तिला म्हटलं, विचार करत होतो गं. काय सांगणार पोरीला.

दुपारी अंगणात जाऊन बघून आलो. डाव्या सीटचं रेक्झिन दबलेलं. जुनी सीट आहे, दबणारच. जरा वेळ त्या सीटवर बसलो. माझ्या मापाची आहे. वीस वर्षं मीच बसत होतो तिथे.

विद्याला म्हटलं, पाडव्याची वाट नको बघू, नवी बुक करू या. ती म्हणाली, "आता काय झालं? आवडली होती ना जीप?" मी पायरीबद्दल काहीतरी बोललो.

१४ जाने., संक्रांत

विद्याचं हळदीकुंकू. सकाळपासून घरात कुजबुज, शैला वहिनींना बोलवायचं का? शेजारच्या दोघींचं म्हणणं, बोलावलं तर कुंकू लावायचं की नाही ते ठरवावं लागेल, त्यापेक्षा नकोच. विद्या तडकली. "त्या लावतात ना कुंकू? मग मी कोण ठरवणार?" बोलावलं. हिने पहिलं बोट त्यांच्याच कपाळाला टेकवलं. अभिमान वाटला मला बायकोचा.

जाताना वहिनी अंगणात जीपपाशी थांबल्या. बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, देवळात मी काय विचारलं होतं, सांगू?"

"जीपचंच ना."

"जीपचं तुम्ही विचारत होतात. मी विचारलं, हे परत येतील का?" आणि हसल्या, लहान मुलीने गुपित सांगावं तसं. "आणि उजवं पडलं."

फूल एक, प्रश्न दोन. गुरवाने दोघांचं मिळून एकच गाऱ्हाणं घातलं, वेगवेगळं घालायचं आम्हाला कोणालाच सुचलं नाही. देवीने उत्तर कोणाला दिलं?

मला आता सांगायलाच हवं. ही बाई वाट बघत बसणार.

१९ जाने., रवि.

सांगितलं.

सकाळी गेलो, एकटा, चालत. त्या ओटीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या-उभ्याच म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी मी बाजारात नव्हतो. घरी होतो. मोहनने हॉर्न वाजवले, मी आईला सांगितलं, घरी नाही म्हण. मी गेलो असतो तर तो आज असता." सगळं एका दमात. मला वाटलं, आता सूप अंगावर येईल. यायलाच हवं होतं.

त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, "तुम्ही नव्हतात सोबत?"

"नाही."

"बाबीने पाहिलं ना तुम्हाला."

"मी नव्हतो हो वहिनी. आईची शपथ."

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला वर्षभर वाटत होतं, तुम्ही होतात. काहीतरी झालं, तुम्हाला वाचवता आलं नाही, आणि तुम्हाला सांगवत नाही. म्हणून जीप दिली. म्हटलं, तिच्यात बसलात की कधीतरी बोलाल. राग नव्हता हो माझा. उलट बरं वाटायचं. शेवटच्या वेळी ह्यांच्याजवळ आपलं माणूस होतं."

मी माफी मागितली. कशाची मागत होतो तेही मला नीट कळेना, आता माझ्या चुका दोन झाल्या होत्या.

उठलो तेव्हा पाठीमागून विचारलं, "मग दुसऱ्या कपातला चहा कोण प्यायलं, भाऊजी?"

२२ जाने.

दोन दिवस शाळेत लक्ष नाही. नववीला ध्वनी शिकवताना मध्येच थांबलो, पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

एकच गोष्ट डोक्यात. आईने दारात सांगितलं, घरी नाही. मो. गाडी वळवून गेला. आणि नाक्यापर्यंत पोचायच्या आत, कुठल्या तरी वळणावर, मी उभा होतो. त्याने दार उघडलं असणार. बस रे मास्तर, आई म्हणाल्या घरी नाहीस. राग विसरला असणार, त्याचा राग टिकायचाच नाही. चहा दिला असणार.

हे मी शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस लिहितोय.

आईला आज विचारलं, तो काय म्हणाला गं शेवटचं? ती म्हणाली, "काही नाही. हसलान. म्हणाला, बरं, येईन परत."

विद्याला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, उद्याच जीप परत करू. आणि माझा हात धरून बसली. उद्या जमणार नाही, रविवारी झेंडावंदन झालं की.

२६ जाने., रवि.

झेंडावंदन करून आलो. वहिनींचा निरोप, दुपारी आणा. विद्या आणि रेवा आधीच त्यांच्याकडे गेल्यात, रेवाला त्यांच्या हातच्या घावन्यांचा मोह. मी जेवून, जरा पडून, जीप पोचवणार. घरात आई आणि मी.

किल्ली टेबलावर आहे, वहीशेजारी. दळवीचा नवा हॉर्न आलाच नाही. परत करताना सांगायला हवं वहिनींना, हॉर्न बंद आहे म्हणून.

आज कुठली तिथी ते आत्ता कॅलेंडरवर पाहिलं. द्वादशी आहे. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सवातीनला सुकती. गरवायचं तर दोनला निघायला हवं, असं तो

हॉर्न वाजला.

आमच्याच अंगणातून. दुसरा.

आई पडवीतून आत आली, भिंतीला हात लावत. खिडकी माझ्यामागे आहे, मी वळलेलो नाही. वायर जळलेली आहे, मी स्वतः पाहिलीय. दळवीने हातात घेऊन दाखवली होती.

तिसरा.

मी गेलो नाही तर कोण जाईल हे मला माहीत आहे. गेलो तर त्या सीटवर कोण बसलंय तेही बघावं लागेल. पण तो आलाय. वर्षभर ज्याच्या नावाने ओरडलो तो दारात आलाय आणि त्याने तीन वेळा विचारलंय.

आई दारात थांबलीय. माझ्याकडे बघत नाही, अंगणाकडे बघतेय, आणि पदर सारखा करतेय, कोणी आलं की करते तसा.

"मोहन आलाय रे," म्हणाली. "काय सांगू? आहेस की नाहीस?"